बोरकुटे सरांची अकरा साइटेशनं

लायब्ररीतून गेलेलं पुस्तक परत येईल याची काही गॅरंटी नाही, किस्से मात्र न मागता जमा होतात! मी सिंदेवाहीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. अख्ख्या कॉलेजात माझ्याच टेबलावरचा पंखा धड चालतो. त्यामुळे स्टाफमधला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी "काय ताई, नवीन काही आलं का?" म्हणत येऊन बसतो. नवीन पुस्तकाबद्दल कोणाला विचारायचं असतं? हवा पाहिजे असते, आणि हवेसोबत गप्पा. तर अशा बसणाऱ्यांनी माझ्याकडे किस्स्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे टाकलेत. त्यातला सगळ्यात जाड गठ्ठा बोरकुटे सरांचा.

बोरकुटे सर भूगोल शिकवतात, पण त्यांचा खरा विषय ऐतिहासिक भूगोल. इतिहासवाले म्हणतात, "ते भूगोलाचे." भूगोलवाले म्हणतात, "छे, ते सदा जुन्या कागदात असतात, ते इतिहासाचे." या भानगडीत सरांना कोणत्याच विभागात कपाट मिळालं नाही! शेवटी त्यांनी आपले सगळे नकाशे माझ्या लायब्ररीत आणून टाकले. ते अजून तिथंच आहेत आणि उंदीर मलाच हाकलावे लागतात.

मी एकदा वैतागून विचारलं, "सर, हा तुमचा विषय म्हणजे नेमकं काय हो?"

"सोपं आहे ताई. इतिहासवाला विचारतो, कधी? भूगोलवाला विचारतो, कुठं? मी विचारतो, तेव्हा कुठं?"

"आणि उत्तर कोण देतं?"

"मासे धरणारे!"

खरंच तसं आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गावोगाव जुने तलाव आहेत. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, कोणता बुजला, गाव तलावाजवळ गेलं की तलाव गावाजवळ आला, हे शोधत सर नोकरी लागल्यापासून मोटरसायकलवर फिरताहेत. कागदात तलावाचा सर्व्हे नंबर मिळतो. पण तलावाचा स्वभाव, तो त्यात जाळं टाकणाऱ्या ढिवरालाच ठाऊक. म्हणून सर जुनं दफ्तर कमी बघतात आणि ढिवरांच्या शेजारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जास्त बसतात.

*

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती मनात ठेवल्याशिवाय बाकीच्यात मजा नाही. सरांचं प्रोफेसर व्हायचं राहिलं होतं.

असोसिएट प्रोफेसर ते होतेच. वरची पायरी अडली होती ती साइटेशनवर. साइटेशन म्हणजे काय, तर दुसऱ्या कोणी लेख लिहिताना त्यात तुमच्या लेखाचं नाव घेणं. जितक्या लोकांनी नाव घेतलं, तितका तुमचा इम्पॅक्ट! आता आमच्याकडच्या बुजलेल्या तलावांवर जगात कोण लेख लिहितंय, की तो सरांचं नाव घेईल? फॉर्म दोनदा परत आला होता. रिटायरमेंटला दीड वर्ष उरलं होतं. तिसऱ्यांदा परत आला असता, तर विषय संपला.

सर वरून म्हणायचे, "मला काय फरक पडतो?" पण वहिनींचा मला दुपारी फोन यायचा. "ताई, ते पोर्टलवर आज काही वाढलं का हो? हे घरी काही बोलत नाहीत, पण ताटातलं अन्नही संपवत नाहीत." असं ऐकलं की माझा जीव तुटायचा. मी दिवसातून चारदा पोर्टल उघडायचे. तो आकडा शून्यावरून ढिम्म हलायचा नाही!

*

तिसऱ्यांदा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी मला सांगितलं, "ताई, सरांची साइटेशनं मोजून यादी द्या."

मोजली. पोर्टलवर न चढलेली छापील जर्नलं धरून अकरा निघाली. मी म्हटलं, चला, अगदीच भोपळा नाही! सरही खूश झाले. "अकरा? अरे वा!" म्हणत त्यांनी मला चहा पाजला.

मग मी एकेक उघडून पाहायला लागले. पहिलं साइटेशन कोणाचं? बोरकुटे. दुसरं? बोरकुटे. तिसरं कोण्या बाहेरच्या बाईंचं, चौथं परत बोरकुटे! अकरापैकी सात सरांनी स्वतःच केलेली. बरं, लोक स्वतःचं नाव घेतात ते मोठेपणा मिरवायला. आमच्या सरांनी काय लिहिलेलं? "बोरकुटे यांचे हे मत चुकीचे ठरते." पुढच्या लेखात, "बोरकुटे यांनी येथे घाई केलेली दिसते." त्याच्या पुढच्यात, "बोरकुटे यांनी हा तलाव प्रत्यक्ष पाहिला होता की नाही, अशी शंका येते."

मी कपाळावर हात मारला. प्राचार्यांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"सर, तुम्ही स्वतःशीच भांडता?"

सर शांतपणे म्हणाले, "काय करू? दुसरं कोणी भांडायला येतच नाही!"

*

सरांच्या या चुका कोण काढतं, ते सांगते. सरांची एक पद्धत आहे. लेख लिहून झाला की तो जर्नलकडे जायच्या आधी त्या गावात जातो. सर पाळीवर बसतात, गाव भोवती बसतं, आणि सर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लेख वाचून दाखवतात. गावानं हो म्हटलं, तरच पुढं पाठवायचा. छापून आल्यावर कोणाला चूक आठवली, तर ती पुढच्या लेखात कबूल करायची. असं मी दुसऱ्या कोण्या प्राध्यापकाबद्दल ऐकलेलं नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा मीही सोबत होते. सरांनी सुरू केलं, "प्रस्तुत जलाशयाच्या निर्मितीमागील भूरूपीय प्रेरणा..." दुसऱ्या पानाला अर्धं गाव डुलक्या घेत होतं. तिसऱ्या पानाला पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. चंद्रभागाबाई. साठीच्या, ढिवर समाजाच्या, पदर खोचलेला, आयुष्यभर याच तलावात मासे धरून बाजारात विकलेले.

"सर, हे कोणाच्या तलावाचं हाये जी?"

"बाई, तुमच्याच."

"बाप्पा! मले वाटलं दुसऱ्या कोणाचं हाये. आमच्या तलावात असं काई होत नाई."

सरांनी मग सगळं सोप्या भाषेत सांगितलं. बाई ऐकत गेल्या आणि एकेक बोट मुडपत चुका मोजत गेल्या. सांडवा उगवतीला लिहिला, तो मावळतीला आहे. जो तलाव दुष्काळात आटला म्हणून लिहिलं, तो आटलाच नव्हता, शेजारचा आटला होता. आणि मधलं बेट म्हणून जे लिहिलं, ती म्हशी बसायची जागा!

जर्नलचे परीक्षक कसं लिहितात? "लेखकाने या मुद्द्याचा पुनर्विचार करावा, अशी नम्र सूचना." आमच्या बाई म्हणाल्या, "फाडून टाका जी. नवीन लिवा."

आणि सरांनी फाडला! तिथल्या तिथं, माझ्यासमोर. तो लेख मी दोन दिवस जागून टाइप केला होता. राग आला मला, खोटं कशाला बोलू? परतीच्या वाटेवर मी सरांशी एक शब्द बोलले नाही. सर मात्र मोटरसायकलवर गाणं गुणगुणत होते.

*

सरांचा दुसरा नियम म्हणजे, ज्यानं माहिती दिली त्याचं नाव तळटीपेत गेलंच पाहिजे. नाव, गाव, आणि सांगताना तो माणूस काय करत होता तेही! "सांगणारी: चंद्रभागाबाई, मोठ्या तलावाच्या पाळीवर, जाळं विणताना." असं.

एका इंग्रजी जर्नलनं हरकत घेतली. लिहिलं, हा संदर्भ आम्हाला कुठं सापडत नाही, हा प्रकाशित आहे काय?

सरांनी उलट टपाली कळवलं, "त्या अप्रकाशित आहेत, पण पक्क्या आहेत."

छापून आलं हो! जसंच्या तसं.

या तळटीपांनी गावात मात्र आग लावली. एका गावात दोघा भावांनी मिळून एका बुजलेल्या बोडीची, म्हणजे छोट्या तलावाची, जागा दाखवली होती. लेख आला, त्यात धाकट्याचं नाव आधी, थोरल्याचं नंतर. थोरला तडक कॉलेजात आला. "सर, जन्मानं मी मोठा, वाटणीत मी मोठा, अन् तुमच्या टीपेत मी लहान काऊन?" सरांनी समजावलं की अकारविल्हे लावलं, अ आधी येतो, म आधी येत नाही. तो म्हणाला, "मंग बापानं नावं ठेवतानाच दगा केला म्हना ना!" आणि बापाला शिव्या देत निघून गेला. बाप वारलेला, बिचाऱ्याला आपली बाजू मांडताही आली नाही.

*

सिंदेवाहीला भाताचं संशोधन केंद्र आहे. त्यामुळे पिशवी, वही, टोपी असा कोणी माणूस बांधावर दिसला, की आमच्याकडचे शेतकरी समजतात, केंद्रातले साहेब आले. सरांच्या हातात धानाची रोगट रोपटी येऊन पडायला लागली. "सर, ह्याले का झालं पाहा ना."

सुरुवातीला सर सांगत, "मी तो नाही." मग कंटाळले. रोपटं पिशवीत घालायचे, केंद्रात जाऊन विचारायचे आणि पुढच्या खेपेला उत्तर घेऊन जायचे. एका शेतकऱ्याचं धान त्यातून वाचलं, तर त्यानं खूश होऊन आपल्या शेताखाली गडप झालेल्या तलावाची अख्खी हद्द पावलांनी चालून दाखवली! सरांचा सगळ्यात चांगला नकाशा तो. त्या गावात सरांना अजून धानाचे डॉक्टर म्हणतात. सरांची पीएच.डी. आहेच, म्हणजे निम्मं तरी खरं!

मी म्हटलं, "सर, त्यांना खरं सांगून का नाही टाकत?"

"सांगितलं की. म्हटलं, मी जुन्या तलावांचा अभ्यास करतो."

"मग?"

"तो शेतकरी म्हणाला, ते ठीक हाये जी, पण पगार कायचा भेटते?"

*

मुलचेऱ्याकडचा किस्सा तर माझा लाडका आहे. तिकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत, सरकारनं आखून दिलेली. सगळ्या गावांच्या हद्दी नकाशात पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ. एका गावाची हद्द मात्र एका ठिकाणी मध्येच पोट सुटल्यासारखी बाहेर आलेली. सरांना ती दिसली आणि सरांची झोप उडाली. का बरं वाकली असेल? मातीचा पोत? जमिनीचा उतार? पाण्याचा निचरा? सरांनी त्यावर दीड पान लिहिलं. चार आकृत्या काढल्या. आकृत्या फार सुरेख होत्या, मी स्वतः पाहिल्यात.

मग नेमाप्रमाणे गावात वाचन. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी खाटेवर बसून ऐकत होत्या. त्यांना मराठी समजायचं, बोलायच्या बंगाली. सून मराठी शाळेत शिकलेली, ती सांगायची. सर मातीच्या पोतापर्यंत आले आणि आजी हसायला लागल्या. उताराला आणखी हसल्या. निचऱ्याला तर ठसका लागला, पाणी द्यावं लागलं!

सुनेनं विचारलं, आजी काही बोलल्या, आणि सूनही तोंडाला पदर लावून खाली बसली.

"काय म्हणतात?" सर कासावीस.

"सर, सासूबाई म्हणतात, मोजणीवाले साहेब जेवायला गेले होते. तेव्हा त्यांची खुंटी सासूबाईंनी उपटली आणि पुकुराच्या, म्हणजे तळ्याच्या, पलीकडे नेऊन ठोकली. तळं दुसऱ्या गावात गेलं असतं तर रोज पाणी कोणी भरलं असतं? साहेबांनी?"

सरांनी दीड पानावर काट मारली. आकृत्यांवरही. पण पुढं पंचाईत! तळटीपेत नाव द्यायचं म्हटल्यावर आजी घाबरल्या. साहेब खुंटी मागायला येतील, म्हणाल्या. सरांचा नियम तर मोडत नाही. शेवटी सरांनी टीप अशी दिली, "सांगणारी: एक आजी, खाटेवर बसून, हसताना. नाव विचारू नये."

*

एका बाजाराच्या दिवशी चंद्रभागाबाई मासे विकून परस्पर लायब्ररीत आल्या. टोपली दाराबाहेर ठेवली, पंख्याखाली बसल्या.

"ताई, सर असे काऊन दिसून राह्यले वो? मागच्या वाचनाले म्या धा चुका काढल्या, तरी हसले नाईत."

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. "बाई, त्यांची बढती अडली आहे. लोक आपल्या लिहिण्यात सरांचं नाव घेत नाहीत, म्हणून."

"नाव घ्याचं हाये फक्त?"

"हो. लिहून."

"बस? येवढंच?" बाई उठल्या, टोपली उचलली आणि गेल्या. मी माझ्या कामाला लागले. हे मी काय करून बसले, याची मला काडीचीही कल्पना नव्हती!

पंधरा दिवसांनी ग्रामसभेचा ठराव आला. "मोठ्या तलावातील गाळ काढण्यात यावा. (पाहा: बोरकुटे सर.)" मग मच्छीमार सोसायटीनं पाळीवर बोर्ड लावला, "परवानगीशिवाय गळ टाकू नये. पाहा: बोरकुटे सर." सरांनी गळाबद्दल जन्मात एक ओळ लिहिलेली नाही! आणि मग आली लग्नपत्रिका. वर, वधू, मामा, काका, आत्या, सगळं रीतसर. खाली: "विवाहस्थळ: मोठ्या तलावाच्या पाळीजवळ. (तलाव फार जुना आहे. पाहा: बोरकुटे सर, पान ४.)"

मी हसून हसून बेजार. सरांनी पत्रिका हातात घेतली, वाचली, आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. मला वाटलं भरून आलं. कसलं काय! खिशातला लाल पेन काढून म्हणाले, "ताई, हे चुकलंय. पान चारवर पाळीची लांबी आहे. वय पान नऊवर आहे!"

निरोप गावात गेला. त्या घरातल्या दुसऱ्या मुलीच्या पत्रिकेत पान नऊ छापून आलं.

मी दोन्ही पत्रिका फॉर्मला जोडल्या. प्राचार्यांनी पाहिल्या आणि फाईलमधून ओढून काढल्या. "कॉलेजची अब्रू घालवता का, ताई?" म्हणाले. आणि दोन्ही लग्नांना जेवून आले!

*

फाईल गेली ती अकरा साइटेशनं घेऊनच. आणि एक दिवस कळलं, या खेपेला कमिटी कॉलेजात येऊन मुलाखत घेणार. तिघं येणार. अध्यक्ष म्हणून एक बुजुर्ग सर, विषयतज्ज्ञ म्हणून बाहेरच्या एक मॅडम, आणि तिसरे एक साहेब. ते साहेब फक्त आकडे पाहतात, असं त्यांच्याबद्दल आधीच कानावर आलं होतं.

त्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. वहिनींनी कपाळाला अंगारा लावून पाठवलेलं दिसत होतं. साइटेशनची यादी तपासून द्यायला मलाही आत बसवलं होतं.

आकडेवाल्या साहेबांनी सुरुवात केली. "अकरा?"

"अकरा," सर म्हणाले.

"त्यातली सात तुमचीच?"

"हो."

"म्हणजे चार."

"चार."

साहेबांनी कागदावर चार लिहिलं आणि त्याला गोल केला. मला तो गोल अजून दिसतो. मॅडमनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी सरांचा सगळ्यात ताजा लेख काढला. याच लेखावर सगळी भिस्त होती. एकाच नाल्यावर वर-खाली बांधलेले दोन तलाव, त्यातला वरचा आधीचा, खालचा नंतरचा, असं सरांनी सिद्ध केलेलं. गावातही वाचून झालेलं, गावानं हो म्हटलेलं, जर्नलनंही घेतलेलं. मॅडम म्हणाल्या, "पान सातवरचा हा युक्तिवाद मला फार आवडला. पाणी वरून खाली येतं, तसेच तलावही वरून खाली बांधत गेले. छान आहे."

सरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मी मनात म्हटलं, देवा, आता इथंच थांबू दे!

तेवढ्यात बाहेर आमच्या शिपायाचा आवाज. "बाई, आत मिटिंग चालू हाये! जाऊ नका म्हनलं ना!" आणि दुसरा आवाज. "तुही मिटिंग होत राह्यल. माही गाडी तीनची हाये." दार उघडलं. चंद्रभागाबाई आत!

कमिटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ सरांपुढे गेल्या.

"सर, ते पान सात वालं चुकलं हाये जी."

मी डोळे मिटून घेतले. सरांनी नुसतं हातानं थांबवलं असतं ना, "बाई, मग बोलू," एवढंच म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण आमचे सर! खुर्ची मागे सारली, उभे राहिले आणि म्हणाले, "कसं चुकलं?"

बाईंनी कमरेचं फडकं सोडलं आणि मॅडमच्या समोर, त्या लेखावरच, मूठभर शिंपले ओतले. मातीनं भरलेले, जुने, पांढरे पडलेले.

"हे कुठी सापडले सांगा?"

"तलावात," सर म्हणाले.

"नाई. वरच्या तलावाच्या पाळीत. पाळ जिथी खचली, तिथी आतून निघाले, पार बुडापासून. म्या वाचनाच्या दिवशी हो म्हनलं होतं, पन मले चैन पडे ना. काल जाऊन खोदून पाह्यलं. आता तुमीच सांगा, पाळीच्या मातीत शिंपले कुठून येतीन?"

सर शिंपला हातात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाळीची माती तलावातून काढलेली. पाळीशिवाय वरचा तलाव नव्हताच, पण माती काढली तो तलाव आधीच होता, म्हणून शिंपले. म्हणजे खालचा तलाव आधीचा. त्याच्याच तळातली माती काढून वरची पाळ बांधली."

"हो! मंग मी का म्हनून राह्यली?"

"मी चुकलो," सर म्हणाले. आणि हे ते खाली मान घालून नाही म्हणाले हो, अगदी खुशीत म्हणाले! मॅडमच्या हातातला लेख घेतला, पान सात उघडलं आणि लाल पेनानं आडवी रेघ मारली.

आकडेवाले साहेब खुर्चीतच ताठ झाले. "सर, तुम्ही स्वतःच्या प्रमोशनच्या मुलाखतीत स्वतःचाच लेख खोडताय?"

"खोडत नाही. दुरुस्त करतोय," सर म्हणाले. "बाई, पाळ नेमकी कुठं खचली? दाखवा."

बाईंनी नकाशा आपल्याकडे ओढला. सर वाकले. मॅडमनी खुर्ची सोडली आणि तिसरं डोकं नकाशावर आलं. मग अध्यक्ष उठले. ते सगळ्यांच्या मागून टाचा उंचावून पाहायला लागले, तर बाई म्हणाल्या, "तुमी इकून या जी, तिकून उजेड अडते." अध्यक्ष मुकाट्यानं दुसऱ्या बाजूला गेले! शेवटी आकडेवाले साहेब एकटेच टेबलाच्या त्या टोकाला उरले. त्यांनी थोडा वेळ आपल्या गोल केलेल्या चाराकडे पाहिलं, मग तेही उठून आले आणि एक शिंपला उचलून नखानं खरवडायला लागले. "हे खरंच आतून निघालं?" असं त्यांनी बाईंना विचारलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

अर्धा तास मुलाखत अशीच चालली. त्यात सरांना कोणी काही विचारलं नाही. सगळे बाईंनाच विचारत होते, आणि सर लिहून घेत होते.

मग तिघं बाजूला जाऊन दोन-चार वाक्यं बोलले. निकाल असा लगेच सांगायचा नसतो, मला नियम माहीत आहे. पण अध्यक्षांनी तिथंच फॉर्म ओढला, सही केली, पेन पुढे सरकवला. मॅडमनी केली. आकडेवाल्या साहेबांनीही केली. अध्यक्ष उभे राहिले, सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन, प्रोफेसर बोरकुटे!"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाई माझ्याकडे सरकल्या आणि माझं कोपर हलवलं.

"का झालं वो ताई? रडून काऊन राह्यली?"

"बाई, सर प्रोफेसर झाले."

"म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यात वर गेले. आता याच्यावर काही नाही."

बाईंनी सरांकडे पाहिलं. त्या फॉर्मकडे पाहिलं, सह्यांकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून अध्यक्षांना म्हणाल्या,

"इतक्यातच कायले केलं जी? दोन तलाव तर अजून लिवाचे राह्यलेच हायेत!"